ऑफिस, व्यायाम आणि पाळी जायचं वय : तुम्ही नक्की काय करता?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. वय ४८, पुण्यात एका विमा कार्यालयात टेबलावरचं काम. पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी पंधरा दिवसांत. आमच्याकडे दर बुधवारी दुपारी चारला कॅंटीनमधली टेबलं बाजूला सरकवून झुंबा असतो. कंपनीने 'वेलनेस'साठी ट्रेनर लावलाय. मुलगा गुणी आहे, गाणीही झकास लावतो. पण पंचेचाळिशीच्या पुढच्या आम्हा सगळ्यांना बरोब्बर त्याच वेळी अर्जंट फायली आठवतात.

कारणं सांगायला नकोत, तरी सांगते. निम्म्या जणी साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये. बाजूला चहाचे कप घेऊन उभे असलेले सहकारी. उड्या मारल्या की थोडी लघवी होते, जी शिंकतानाही होते आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही. शिवाय आधीच अंगातून वाफा निघत असताना घामाघूम व्हायचं आणि ओल्या कपड्यांनी एसीत येऊन बसायचं.

परवा एचआरने विचारलं, सीनियर लेडीज येत का नाहीत? त्याला काहीतरी शहाणं उत्तर द्यायचंय म्हणून हा धागा. दोन प्रश्न आहेत. या वयात व्यायामाने नक्की काय साधतं? आणि ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या कपड्यांत काय जमतं? 'पहाटे पाचला उठून टेकडीवर जा' हे उत्तर कृपया नको. पाचला मी उठतेच, डबे भरायला.

ठाणेकरीण

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

माझं चालणं भरपूर होतं. घर ते स्टेशन, स्टेशनचा पूल, उतरल्यावर पुन्हा पूल, मग शेअर रिक्षाची रांग मोठी दिसली की सरळ पायी. मला वाटायचं व्यायामाचा कोटा इथेच भरला. गेल्या वर्षी खांदा धरला, फ्रोझन शोल्डर. ब्लाउजचं हूक लावता येईना, लोकलची कडी पकडता येईना. डॉक्टर म्हणाले, चाळीस ते साठच्या बायकांत हे बरंच दिसतं. मग लक्षात आलं की पाय रोज चालतात, पण कमरेच्या वरचं शरीर वर्षानुवर्षं फक्त पर्स उचलतंय.

बोका

बायकांनी रोज सूर्यनमस्कार घातले तर हे हॉट फ्लॅश वगैरे काही उरत नाही. आमच्या आजीला कुठे होता मेनोपॉज? कामं करायच्या दिवसभर.

निळी_शाई

@बोका, आजीने तुम्हाला सांगितलं नाही एवढंच खात्रीने म्हणता येईल.

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः ५२ वर्षांची. जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयात उत्साहाच्या भरात चुकीची आश्वासनं फार दिली जातात.

आधी बोकाभाऊंचा मुद्दा. व्यायामाने वाफा थांबतात असा भक्कम पुरावा नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था; तिच्या २०१४च्या आढाव्याने उपलब्ध प्रयोग तपासून हेच सांगितलं. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली बिनहार्मोनच्या उपायांची छाननी केली, तेव्हा हॉट फ्लॅशसाठी म्हणून योग आणि व्यायाम यांची शिफारस केली नाही. वजन जास्त असेल तर ते कमी करणं आणि कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन), यांची केली. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला शरीराच्या तापमानात जरासाही फरक चालेनासा होतो. किंचित गरम वाटलं तरी तो घाम सोडायला लावतो. सूर्यनमस्काराने ते केंद्र ताळ्यावर येईल असं कोणी म्हणत असेल तर म्हणू दे. वाफांनी जीव नकोसा झाला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, औषधं आहेत.

मग व्यायाम कशासाठी? हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. हे आतल्या आत चालतं, दुखत नाही, त्यामुळे मनगट किंवा मणका मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. पाश्चात्त्य देशांत पाळी जायचं सरासरी वय ५१च्या आसपास, आपल्याकडे ४६-४७. म्हणजे आपली ही घसरण लवकर सुरू होते, आणि नोकरीची दहा-बारा वर्षं अजून बाकी असतात.

हाडाला ओझं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, तो सगळ्यांना पाठ असतो. त्याच्याच पुढचं वाक्य, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, हे कोणी वाचत नाही. ठाणेकरीण, तुमचं चालणं पहिल्या वाक्यात बसतं. दुसरं वाक्य रिकामं राहिलं.

ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला एक प्रयोग झाला, लिफ्टमोर नावाचा, २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ बायका. त्यांतल्या निम्म्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा तास, चांगली जड वजनं उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता साधारण ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. अर्थात तिथे प्रत्येकीवर प्रशिक्षकाची नजर होती. हे वाचून उद्या ऑफिसात पाण्याचा जार उचलायला जाऊ नका.

कपड्यांसह जमणारं दुपारी लिहिते. पेशंट आलाय.

टेम्सकाठची

वाचतेय. मी लंडनजवळ एका कौन्सिलमध्ये नोकरी करते. इथे २०२३ साली पाळी आणि मेनोपॉज यांबद्दल कामाच्या जागेसाठी ब्रिटिश मानक आलं, बीएस ३०४१६. पुढच्या वर्षी समानता आयोगाने मालकांना बजावलं की त्रास दीर्घकाळ आणि गंभीर असेल तर तो २०१०च्या समानता कायद्याखाली अपंगत्वात मोडू शकतो. त्यानंतर आमच्याकडे टेबलपंखे मिळाले, युनिफॉर्मचं कापड बदललं, वेळेची थोडी सवलत आली. हे सगळं चांगलंच.

व्यायामाच्या बाबतीत मात्र पुण्याची आणि आमची गोष्ट एकच आहे. तळघरात जिम आहे, वजनांच्या कोपऱ्यात पंचविशीतली मुलं. आम्ही पन्नाशीच्या बायका ट्रेडमिलवर, दाराजवळच्या. निघायला सोपं.

खडूफळा

कोल्हापूरजवळ माध्यमिक शाळेत शिक्षिका, वय ५०. आमचं उलट आहे. बसायलाच मिळत नाही. सलग तास, जिने, मधल्या सुट्टीत ड्यूटी. संध्याकाळी पाय भरून येतात.

आणि एक गोष्ट लिहूनच टाकते. शिक्षिकांचं स्वच्छतागृह मैदानाच्या टोकाला, एकच. त्यामुळे आम्ही पाणी पीत नाही. शाळा सुटेपर्यंत तोंड कोरडं. व्यायाम करा, भरपूर पाणी प्या हे सल्ले छान आहेत, पण प्यायलेलं पाणी कुठे ठेवायचं? पाळी कधी येईल याचा भरवसा नाही, आली की धो धो. अशा दिवशी कवायतीच्या तासाला मैदानावर उभं राहण्याचंच टेन्शन.

ठाणेकरीण

+१००. बॅंकेच्या छोट्या शाखांत तर बायका-पुरुष मिळून एकच असतं.

रात्रपाळी

मी नर्स, नाशिक. पेशंटला कुशीवर वळवणं, स्ट्रेचरवर घेणं, बारा-बारा तास हेच. फिजिओताई, हे वजन उचलणंच झालं ना? मग माझी गुडघेदुखी का?

फिजिओताई

@रात्रपाळी, फार बरं विचारलंत. कामातली दगदग आणि व्यायाम या शरीराच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी आहेत. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. व्यायामात वजन तुम्ही ठरवता, आठ-दहा वेळा उचलता, थांबता, दोन दिवस सोडता, महिन्याने थोडं वाढवता. वॉर्डात पेशंट वजन ठरवतो, पाठ वाकडी असते, घाई असते आणि विश्रांती नसते. त्याने झीज होते, ताकद वाढत नाही. तुम्हाला घरी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटांचा बेताचा पण वाढता व्यायाम लागेल. आणि ड्यूटीवर बसायची संधी मिळाली तर बसा, अपराधी वाटून घेऊ नका.

आता ऑफिसातलं. साडीत, कुडत्यात, कशातही.

खुर्चीतून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा. चाकांची खुर्ची नको, किंवा भिंतीला टेकवून घ्या. सोपं झालं की खाली बसताना मनात चार आकडे मोजा. तेही सोपं झालं की छातीशी पाण्याची भरलेली बाटली किंवा बॉक्स फाइल धरा.

प्रिंटरपाशी उभ्या असाल तेव्हा टाचा उचलायच्या. आधी दोन्ही, मग एकेक. चहा उकळेपर्यंत एका पायावर उभं राहायचं, बाजूला ओटा असू दे. पडणं टाळायला तोल लागतो, आणि हाड मोडतं ते बहुतेक पडल्यावरच.

भिंतीला हात टेकून पुश-अप्स, जमू लागले की मजबूत टेबलाच्या कडेला. आणि एक रबरी बँड ड्रॉवरमध्ये ठेवा. दाराच्या मुठीला अडकवून कोपर मागे नेत ओढायचा. पाठीसाठी याहून स्वस्त काही नाही.

मुख्य खूण अशी की शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलं पाहिजे. पंधरा वेळा सहज होतंय आणि गप्पाही चालू आहेत, तर तो व्यायाम आता संपला, पुढच्या पायरीवर जा. बहुतेक जणी इथेच थांबतात. तेच अर्ध्या किलोचे गुलाबी डंबेल वर्षभर.

मुगाची_खिचडी

ताई, नि_शाने जो उड्यांचा मुद्दा काढला त्यावर पण लिहा ना. मी झुंबा त्यामुळेच सोडला. आणि हो, विचारायला लाज वाटते म्हणून आयडी नवीन काढलाय. 🙈

फिजिओताई

लाजू नका, माझ्याकडे रोजचं आहे.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावले की असं होतं. अमेरिकन डॉक्टर अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ साली त्यांच्या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून नाव केगेल. वायू आणि लघवी एकदम रोखायची आहे असं समजून आतले स्नायू वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. सोडणं तितकंच महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेप्रमाणे एका वेळी किमान आठ, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. आठवडाभर करून 'फरक नाही' म्हणू नका.

मांड्या आवळणं, पार्श्वभाग आवळणं, श्वास रोखणं, हे सगळं चूक. प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच अडवून सराव करायचा नाही. जमतंय की नाही कळत नसेल तर एकदा फिजिओकडून तपासून घ्या. हा व्यायाम मीटिंगमध्ये बसून करता येतो आणि कोणाला कळत नाही. काही मीटिंगांचा तेवढाच उपयोग.

तीन महिन्यांनी पुन्हा उड्यांकडे जाता येतं. हाडांना उडीचा हादरा उपयोगी असतो, म्हणून उड्या कायमच्या सोडू नका.

कार्यालयीन_कारकून

सरकारी कचेऱ्यांसाठी आयुष मंत्रालयाचा 'वाय-ब्रेक' आहे, पाच मिनिटांचा. २०२१च्या सप्टेंबरात ॲप आलं आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांना वापरा म्हणून पत्रही निघालं. ताडासन, कटिचक्रासन, मग भ्रामरी वगैरे. आमच्याकडे दोन आठवडे जोरात चाललं. मग साहेबांची बदली झाली.

फिजिओताई, त्याचा उपयोग आहे की नाही?

फिजिओताई

मान-पाठ मोकळी होते, बसून राहणं मोडतं, मन शांत होतं. जरूर करा. फक्त त्याने हाडांचं काम झालं असं समजू नका, ओझं नाहीये त्यात.

पेठेतली

धागा ऑफिसपुरता चाललाय म्हणून थोडं वेगळं. माझी आई साड्यांच्या दुकानात सेल्सगर्ल होती, पन्नाशी उलटली तरी हुद्दा 'गर्ल'च. सकाळी दहा ते रात्री नऊ उभं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, मालकाचा नियम. केरळात कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या बरोबरच्या दुकानातल्या बायकांनी यासाठी लढा दिला, २०१८ साली तिथल्या कायद्यात बसण्याचा हक्क आला. तमिळनाडूने २०२१मध्ये तसाच बदल केला. आईला कोणी व्यायाम सांगितला असता तर तिने आधी स्टूल मागितलं असतं.

शिवारवाट

पेठेतली, तुमच्या पुढचं टोक सांगतो. मी बीडचा. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढण्याचा प्रकार किती पसरलाय हे २०१९ साली राज्यभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अनेक जणी चाळिशीच्या आतल्या. कोयत्याची (म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची) उचल घेतलेली, एक खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, मग पाळीचा त्रास नकोच म्हणून ऑपरेशन. त्यानंतर त्याच बाया मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतात. कंबर, गुडघे, मनगट, सगळं पस्तिशीत म्हातारं. यांना कुठला वाय-ब्रेक?

फिजिओताई

@शिवारवाट, बरं झालं लिहिलंत. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर त्या बाईचा मेनोपॉज ऑपरेशनच्या दिवसापासूनच सुरू होतो. पंचेचाळिशीच्या आत असं झालं असेल, आणि हार्मोन घेण्यात काही अडचण नसेल, तर नैसर्गिक वयापर्यंत म्हणजे पन्नाशीच्या आसपास ती घ्यावीत अशी सर्वसाधारण शिफारस असते. खेड्यात हे कोणी सांगत नाही. डिस्चार्ज पेपरवर अंडाशयं ठेवली की काढली हे लिहिलेलं असतं, तेवढं तरी गावातल्या आशाताईंकडून वाचून घ्यायला सांगा. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

अण्णा_एचआर

मी या धाग्यातला खलनायक, म्हणजे एचआर. (नि_शा, तुमच्या कंपनीतला नाही, घाबरू नका.) आमच्याकडेही तोच झुंबा आहे आणि तोच प्रश्न. वर्षाला ठरावीक बजेट मिळतं. काय करू, सरळ सांगा. आणि सेशनला 'मेनोपॉज फिटनेस' नाव दिलं तर चालेल का?

मुगाची_खिचडी

अजिबात नको!! त्या खोलीत शिरताना सगळं ऑफिस बघणार.

टेम्सकाठची

मी विरुद्ध मत देते. इथे पाच वर्षांपूर्वी हेच म्हणायचे. वरच्या पदावरच्या एका बाईंनी टीम मीटिंगमध्ये 'मला आत्ता हॉट फ्लॅश आलाय, खिडकी उघडा' म्हटलं आणि विषय संपला. नावच घ्यायचं नाही म्हटलं तर पंखा तरी कशाच्या नावाने मागणार?

रात्रपाळी

त्या वरच्या पदावर होत्या. मी म्हटलं तर इन-चार्ज म्हणतील, हिला आता जड वॉर्ड झेपत नाही.

निळी_शाई

मला दोघींचंही पटतंय, म्हणजे पंचाईतच. माझ्यापुरतं सांगते अण्णा: वर्गाचं नाव साधं 'ताकदीचा व्यायाम' ठेवा, सगळ्या वयांना खुला. पंचविशीतल्या मुलींनाही हाडं आहेतच. मेनोपॉजवर बोलायला वेगळं ठेवा, स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलवा, आणि त्याला मॅनेजर मंडळींना बसवा, आम्हाला नव्हे. आम्हाला माहितीये.

बाकी मागण्या: आतून कडी लागणारी खोली आणि खोलीत पंखा. आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटं, कामाच्या वेळेत धरलेली. लंच टाइम कापून नको, डबा खायला तेवढाच वेळ असतो. दोन, तीन, पाच, आठ किलोचे डंबेल्स. पहिले दोन-तीन महिने कोणीतरी जाणकार शिकवायला, शक्यतो बाई. आणि जवळच चालू स्थितीतलं बाथरूम. खडूफळांचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवला असता खरं तर.

अण्णा_एचआर

झुंबाच्या ट्रेनरच्या फीपेक्षा हे स्वस्त पडेल. कामाच्या वेळेत धरायचं यावर वरून आडकाठी येणार, पण सिगारेट ब्रेकचा हिशेब कोणी मागत नाही हे उदाहरण मी देईन.

बोका

सिगारेटचं नाव काढायचं काम नाही. 😄 बाकी धागा वाचून बायकोला पाठवला. ती म्हणाली, आधी तू वाच.

फिजिओताई

व्यायाम सुरू करण्याआधी थोडं. बारा महिने पाळी आली नाही आणि नंतर थोडासा जरी डाग दिसला तर तो 'उरलीसुरली पाळी' नसतो, लगेच दाखवा. छातीत दडपण, जिना चढताना नवीनच धाप, जबडा किंवा डावा हात दुखणं, हे मेनोपॉजच्या खात्यात टाकू नका. थकवा फार असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, जास्त रक्तस्रावाने पांढऱ्या पडलेल्या बायका 'वय झालं' म्हणत फिरतात. आधी कधी किरकोळ पडून हाड मोडलं असेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा, मगच जड वजनं.

आणि पोटात काही गेलं पाहिजे. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असं आपल्या आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२०चं प्रमाण आहे. दूध, दही, नाचणी, तीळ. डाळ-उसळीचा वाटा वाढवा, नुसत्या चहा-बिस्किटावर स्नायू होत नाहीत.

खडूफळा

आमच्या मुख्याध्यापिका हा धागा वाचून म्हणाल्या, कवायतीच्या तासाला आपणही मुलींबरोबर उभं राहू. खुर्चीची उठाबस मी नववी ब वर घेऊन पाहिली. पोरी माझ्याआधी दमल्या. बाथरूमचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलाय, बघू.

ताई, बँड कुठल्या रंगाचा घ्यायचा? दुकानात चार-पाच दिसले.

फिजिओताई

नेहमीच्या कंपन्यांत पिवळा सर्वांत हलका, मग लाल, हिरवा, निळा, काळा. पण रंगांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, तेव्हा दुकानात ओढून पाहा. बहुतेकींनी लालपासून सुरुवात करावी, खांदा दुखरा असेल तर पिवळा. मुठीला बांधताना दार तुमच्याकडे उघडणारं नको, नाहीतर ओढताना तेच अंगावर येईल. बँडला चीर पडली की फेकून द्या, तुटला तर डोळ्यावर बसतो.